छपराच्या कैच्या मोडक्या आल्या आहेत. दुरुस्त करून चढवाव्यात की परत पाठवाव्यात?

अबोली

नमस्कार मंडळी. आमच्या घराचं बांधकाम चालू आहे. भिंती झाल्या, आणि छपराच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, कारखान्यातून तयार होऊन आल्या आहेत. उतरवून रचल्यावर मी एकेक नीट बघत गेले, तर तीन कैच्यांमध्ये गडबड दिसली.

एकीच्या टाचेचा, म्हणजे उतरता वासा आणि खालचा आडवा वासा भिंतीवर जिथे मिळतात तिथला, दातेरी पत्रा एका कडेने उचकटलाय. पत्रा आणि लाकूड यांच्यात नख सहज जातं. दुसरीच्या खालच्या वाशाला गाठीपासून निघालेली भेग आहे, चांगली हातभर लांब. तिसरीचा मधला एक तिरपा, म्हणजे वरच्या आणि खालच्या वाशांना जोडणारी तिरकी दांडी, मोडलाय, तुकडा लोंबतोय.

ठेकेदार म्हणतात, "ताई, वाहतुकीत एवढं होतंच. पत्रा हातोडीने ठोकून बसवतो, भेगेवर फळी मारतो, तिरपा नवा घालतो. उद्या क्रेन येतेय, ती परत गेली तर पुढची तारीख लवकर मिळायची नाही." माणूस चांगला आहे, आतापर्यंत काम नेटकं केलंय. मला त्यांच्याशी वाकड्यात शिरायचं नाही. पण एकदा तकतपोशी लागली की हे सगळं झाकलं जाणार.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आणि हे त्यांना सांगायचं कसं?

सुतारपक्षी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी आहे, म्हणून लिहितो. लाकूड दुरुस्त होतं, तो त्याचा मोठा गुण आहे. तिरपा बदलणं अवघड नाही. भेगेला दोन्ही बाजूंनी त्याच मापाची फळी जोडून बोल्ट मारले तर वासा पहिल्यापेक्षा भक्कम होतो. जुन्या वाड्यांच्या कैच्यांना असे जोड दिलेले मी स्वतः पाहिलेत आणि ते अजून उभे आहेत. ठेकेदार अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. पत्र्याचं मात्र मला ठाऊक नाही, आम्ही तो प्रकार कधी वापरला नाही.

मीरा_व

उद्याची क्रेन थांबवा. बाकीचं नंतर.

ओळंबा

अबोलीताई, मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. जरा लांबण लावतो.

क्रेन थांबवायची गरज नाही. बाकीच्या कैच्या चांगल्या असतील तर दुसऱ्या टोकापासून चढवायला सुरुवात करा आणि या तीन जमिनीवरच राहू द्या. खाली असताना दुरुस्ती दोन्ही बाजूंनी, सपाट ठेवून, नीट होते. वर चढवल्यावर तेच काम शिडीवर लटकून करावं लागतं. फक्त या तीनपैकी एखादीवर दुसऱ्या कैच्या टेकणार असतील, म्हणजे ती मुख्य कैची असेल, तर तिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हे मांडणीच्या नकाशावर दिसेल.

आता ठेकेदारांच्या उपायांबद्दल. या कैच्या सुतारपक्षी म्हणतात त्या जाड लाकडाच्या कैच्यांहून फार वेगळ्या असतात. लाकूड जेमतेम ३५ ते ४५ मिलीमीटर जाड, आणि सगळा सांधा त्या दातेरी पत्र्यावर. पत्रा साधारण १ मिलीमीटर जाडीचा, त्यातूनच कापून वळवलेले दात सुमारे ८ ते ९ मिलीमीटर लांब. कारखान्यात दाबयंत्राने सगळे दात एकदम लाकडात बसवतात. प्रत्येक वाशात किती ताण, किती दाब, त्यासाठी पत्रा केवढा आणि सांध्यावर नेमका कुठे, हे प्रत्येक कैचीसाठी मोजलेलं असतं. यात जादाचं लाकूड जवळजवळ नसतंच. म्हणून नियम एकच आहे: जिने कैची डिझाइन केली त्या कंपनीच्या इंजिनीअरच्या लेखी परवानगीशिवाय तिला कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, खाच घालायची नाही, दुरुस्तही करायचं नाही.

तुमच्या तिन्हींत टाचेचा पत्रा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. छपराचा भार उतरत्या वाशातून खाली येतो आणि टाचेपाशी बाहेर ढकलतो, ते ढकलणं खालचा वासा ओढून धरतो. ही सगळी ओढाताण त्या एका पत्र्यातून जाते. मोडका तिरपा डोळ्यांत भरतो, पण दुरुस्तीला तो सगळ्यात सोपा.

खडूफळा

@ओळंबा, भाबडा प्रश्न आहे. पत्रा निघालाय तर हातोडीने परत ठोकला तर काय बिघडतं? दात तर तेच आहेत ना?

ओळंबा

प्रश्न अगदी रास्त आहे, साइटवर नेमकं हेच होतं. दात पहिल्यांदा आत जातो तेव्हा लाकडाचे तंतू बाजूला सारून, त्यांच्यात घट्ट रुतून बसतो. उचकटताना तो तंतू फाडत, भोक मोठं करत बाहेर येतो आणि स्वतःही वाकतो. ठोकल्यावर पत्रा वरून सपाट दिसतो, पण दात मोकळ्या भोकात असतो. शिवाय हातोडीचा घाव एका जागी बसतो, त्यामुळे एक कड खाली जाते तेव्हा दुसरी उचलली जाते. म्हणून निघालेला पत्रा परत दाबायचा नाही आणि दुसरीकडून काढलेला पत्रा वापरायचा नाही.

पारखायला पातळ पातं घ्या. पत्र्याच्या कडेखाली ते सरकतंय का, किती आत जातंय ते बघा. १ मिलीमीटरच्या आतबाहेरची फट दिसली तरी तिथले दात पूर्ण ताकदीचे धरत नाहीत. नख जातंय म्हणजे तुमच्याकडे त्याहून जास्त आहे.

रानजाई

बाई गं, नख घालून बघितलंस हेच किती छान केलंस! आम्ही बांधलं तेव्हा कैच्यांकडे कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे वेगळंच झालं. कैच्या धडधाकट आल्या, चढल्या, छप्पर झालं. मग हवेच्या नळासाठी माणूस आला आणि त्याने वाटेत येणारा एक तिरपा करवतीने कापून बाजूला ठेवला. व्यवस्थित, कोपऱ्यात उभा करून. आम्हाला कळलं तेव्हा त्या खोलीच्या छताला पोट आलं होतं. इंजिनीअर आले, आधी खालून टेकू दिले, जॅकने हळूहळू वासा मूळ जागी आणला आणि मग दुरुस्ती झाली. टेकू देऊन वर उचलल्याशिवाय फळी मारली तर झोळ तसाच पक्का होतो, असं त्यांनी समजावलं होतं.

आता आमच्याकडे पाहुणे आले की नवरा आधी माळा दाखवतो, मग घर. 😄

ठिणगी

रानजाई +१. नळवाले, वायरवाले आणि गिझरवाले यांना बोलावण्याआधी प्रत्येक कैचीवर खडूने 'कापू नये' लिहून ठेवावं. खरंच सांगतोय, आम्ही लिहितो.

माझं काम लोखंडी कैच्यांचं. ज्यांचं छप्पर लोखंडी आहे त्यांच्यासाठी थोडं. आमच्याकडे दोन गोष्टी येतात: वाकलेला अँगल (काटकोनात वळवलेली लोखंडी पट्टी) आणि तडकलेलं वेल्डिंग. वाकलेला अँगल बघून लोक म्हणतात, "जरासा तर वाकलाय, तुटला कुठे?" ओढला जाणारा भाग जरा वाकलेला असेल तर भार आल्यावर तो सरळ व्हायला बघतो. दाबला जाणारा भाग मात्र भार आल्यावर आणखी वाकतो, आणि वाकत वाकत एकदम जातो. तेव्हा कोणता भाग दाबाचा आणि कोणता ताणाचा हे ड्रॉइंगवर बघितल्याशिवाय 'चालेल' म्हणू नये. गॅसने तापवून सरळ करण्याचा मोह होतो, पण तापमानावर ताबा नसेल तर त्याने पोलाद बिघडतं. आणि तडकलेल्या वेल्डिंगवर नुसता दुसरा थर चढवायचा नाही. तडा आत तसाच राहतो. ग्राइंडरने तडा संपेपर्यंत घासून काढायचं, मग नवीन वेल्ड.

सुतारपक्षी

@ओळंबा, पत्र्याचं पटलं. पण प्रत्येक गोष्टीला इंजिनीअरचा कागद हवा हे मला अजून पटत नाही. अनुभवी सुताराच्या हाताला लाकूड कळतं. भेग किती खोल, शीर कुठे चाललीय, गाठ मेलेली आहे की जिवंत, हे कागदावर येत नाही. आणि कागद देणारा माणूस फोटो बघून देतो, लाकूड हातात न धरता!

ओळंबा

सुतारपक्षी, तुमचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. भेग कुठपर्यंत गेलीय हे तुम्ही सांगाल तितकं अचूक मी फोटोवरून सांगू शकणार नाही. म्हणूनच साइटवरच्या माणसाने मोजून कळवायचं असतं. पण त्या वाशात किती किलोचा ताण येणार आहे हे हाताला कळत नाही. कैचीतला एक वासा प्रचंड ओढला जात असतो आणि शेजारच्याच मापाचा वासा जवळपास रिकामा असतो. दिसायला दोन्ही सारखे. दुरुस्ती किती लांब, खिळे किती आणि कोणत्या जाडीचे, हे त्या आकड्यावर ठरतं. दोघांनी मिळून करायचं काम आहे हे.

सुतारपक्षी

हे मान्य. मग अबोलीताईंनी एवढं करावं: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घालावी. खुणेच्या पुढे गेली तर भेग वाढतेय. आणि ती आरपार आहे का बघायला मागच्या बाजूनेही बघावं. भेग पत्र्याखाली शिरली असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे मीही हात घालणार नाही.

तळटीप

या दातेरी पत्र्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून अवांतर. पूर्वी अशा हलक्या कैच्यांचे सांधे प्लायवूडचे तुकडे खिळ्यांनी ठोकून करत. १९५२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात कॅरोल सॅनफर्ड यांनी दातेरी पत्रा काढला, पण त्याला सोबत खिळे मारावे लागत. १९५५ मध्ये तिथेच जॉन कॅल्विन जुरीट यांनी असा पत्रा केला की दाबला की काम झालं, वेगळे खिळे नकोत. घरांच्या कैच्या कारखान्यात बनू लागल्या त्या या पत्र्यामुळे. गंमत म्हणजे दुरुस्तीला आजही बहुतेक वेळा तेच जुनं प्लायवूड आणि खिळेच येतात, कारण दाबयंत्र साइटवर आणता येत नाही.

मोहोर

"थोडासा बाक आहे, चालतंय" यावरून हार्टफर्डची आठवण झाली. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचं छप्पर, पोलादी सांगाडा, साधारण ११० मीटर बाय ९१ मीटर. जमिनीवर जोडून वर उचललं. वर गेल्यावर त्याचा झोळ गणितात आला होता त्याच्या सुमारे दुप्पट भरला. बाजूच्या चौकटी बसवणाऱ्यांना त्या छपराशी जुळवता येईनात, इतका. तरीही काम पुढे रेटलं. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने सगळं छप्पर कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, सुमारे ५,००० प्रेक्षक होते. कोसळलं तेव्हा आत कोणी नव्हतं म्हणून जीव वाचले. चौकशीत मुख्य दोष निघाला तो दाबाच्या भागांना मध्ये पुरेसा आधार नसल्याचा.

घराचं छप्पर एवढं मोठं नसतं हे कळतं मला. पण बांधकाम चालू असताना छप्पर काहीतरी सांगत होतं आणि ऐकलं गेलं नाही, हे वाचून फार हळहळ वाटली होती.

ओळंबा

मोहोर, आधाराचा मुद्दा काढलात ते फार बरं केलंत, कारण घरांमध्येही तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. लांब तिरप्यांना मध्यावर एक आडवी पट्टी सगळ्या कैच्यांना जोडत जाते. कामगारांना ती तात्पुरती वाटते आणि ते ती काढून टाकतात, किंवा लावतच नाहीत. दाबाखालच्या सडपातळ भागाला बरोबर मध्ये आधार दिला तर तो वाकायला चौपट भार लागतो, ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रातून येतं हे. म्हणजे ती पट्टी काढली की ताकद चौथाईवर. लाकूड तेच, पत्रा तोच, सगळं धडधाकट! आणि नुसती आडवी पट्टी पुरत नाही, अधूनमधून तिरपी पट्टीही हवी, नाहीतर सगळे तिरपे मिळून एकाच दिशेला वाकतात.

मध्यमवाट

ताईंनी विचारलं होतं की ठेकेदारांना सांगायचं कसं, त्यावर कोणीच बोललं नाही. माझ्या मते त्यांना हे त्यांच्याच फायद्याचं आहे म्हणून सांगावं. वाहतुकीत मोडलं असेल तर जबाबदारी कारखान्याची किंवा वाहतूकवाल्याची, ठेकेदाराची नाही. पण त्यांनी स्वतःहून ठोकाठोकी केली की कारखाना म्हणणार, 'आमच्या मालात तुम्ही हात घातलात, आता आमची हमी नाही.' हातोडी लागली की जबाबदारी त्यांच्या गळ्यात येते. शांतपणे एवढं सांगितलं की शहाणा माणूस थांबतो. डिलिव्हरीच्या चलनावर 'माल सदोष मिळाला' असा शेरा आणि तारीख घालून घ्या. सही करून झाली असेल तर आजच्या आज लेखी कळवा.

ओळंबा

मध्यमवाट, उत्तम. त्यात भर: फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो पूर्ण कैचीचा, एक जवळून, एक मागच्या बाजूने. कैचीवर चिकटवलेल्या क्रमांकाचाही घ्या, त्या क्रमांकावरून कारखान्याला तिचं ड्रॉइंग मिळतं. पत्र्याच्या कोणत्या कडेने किती मिलीमीटर फट, भेग कुठून कुठपर्यंत, सगळं आकड्यांत. बऱ्याचदा दुरुस्तीचं ड्रॉइंग यायला फार वेळ लागत नाही.

खडूफळा

हा धागा वाचनखूण म्हणून साठवला. आमचं काम पुढच्या वर्षी आहे. कैच्या मुळात मोडूच नयेत म्हणून काय बघायचं?

ठिणगी

उचलताना बघा. कैची उभ्या दिशेने ताकदवान असते, आडवी धरली की लवलवते, आणि त्या लवलवण्यात पत्रे सुटतात. म्हणून दोन माणसांनी टोकं धरून आडवी न्यायची नाही. क्रेनचा पट्टा एकाच ठिकाणी शेंड्याला बांधायचा नाही. दोन ठिकाणी, सांध्यांपाशी, आणि दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंशांच्या वर नको. साधारण ९ मीटरपेक्षा लांब कैची क्रेन आणि कैची यांच्यामध्ये आडवी दांडी घेऊन उचलायची.

ओळंबा

आणि चढवल्यावर दोरी व ओळंबा. अमेरिकेतल्या कैची-उद्योगाची बीसीएसआय नावाची मार्गदर्शिका आहे, तिच्यात मर्यादा दिलीय: बाजूला आलेला बाक लांबीच्या २०० व्या भागापेक्षा जास्त नको, आणि कितीही लांब असली तरी ५० मिलीमीटरच्या वर नको. ८ मीटरच्या कैचीला म्हणजे ४० मिलीमीटर. ओळंब्यातून सुटणं उंचीच्या ५० व्या भागापर्यंत, तेही जास्तीत जास्त ५० मिलीमीटर. पहिली कैची जमिनीपर्यंत टेकू देऊन पक्की करा. ती ढिली राहिली तर बाकीच्या तिच्यावर विसंबतात आणि एक पडली की रांगच्या रांग जाते. आणि पट्ट्या पूर्ण लागेपर्यंत वर फळ्यांचे किंवा कौलांचे ढीग रचू देऊ नका.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार! मध्यमवाट, तुमची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी बोलले. ठेकेदार क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "हमीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थांबतो." मुख्य कैची तिन्हींपैकी एकही नव्हती, त्यामुळे दुसऱ्या टोकापासून काम सुरू झालं आणि क्रेनही वाया गेली नाही.

कारखान्याच्या इंजिनीअरने दोन कैच्यांची ड्रॉइंग पाठवली. टाचेवर दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे मोठे तुकडे, मूळ पत्रा तसाच ठेवून. खिळ्यांच्या रांगा, एका खिळ्यापासून दुसऱ्याचं अंतर, कडेपासूनचं अंतर, सगळं काढलेलं. तिरप्यालाही दोन्ही बाजूंनी त्याच मापाचं लाकूड. भेगेची कैची मात्र बदलून देणार आहेत. सुतारपक्षी, तुम्ही म्हणालात तेच निघालं, भेग थेट पत्र्याखाली शिरली होती.

एक शंका आहे. ठेकेदारांचा माणूस म्हणतोय, खिळ्यांऐवजी स्क्रू मारू, जास्त घट्ट बसतील. मारू द्यावे का?

ओळंबा

नाही. ड्रॉइंगवर खिळे असतील तर खिळेच, त्याच जाडीचे, त्याच लांबीचे. जिप्समच्या पाट्यांसाठी वापरतात ते काळे स्क्रू तर मुळीच नकोत. ते कडक आणि ठिसूळ असतात, आडव्या जोराला कटकन तुटतात. खिळा वाकतो पण धरून ठेवतो. बांधकामाच्या भारासाठी बनवलेले वेगळे स्क्रू मिळतात, पण ते हवे असतील तर इंजिनीअरला विचारून ड्रॉइंग बदलून घ्यायचं. 'जास्त मारले तर जास्त मजबूत' हेही खरं नाही, दाटीने मारलेले खिळे लाकूड चिरतात.

सुतारपक्षी

खिळे एका रेषेत न मारता नागमोडी मारायला सांगा, शीर फाटणार नाही. आणि पहिला तुकडा लागताना स्वतः उभ्या राहा. दुरुस्ती झाली की प्लायवूडवरच ड्रॉइंगचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. पुढे कोणी माळ्यावर चढलं तर त्याला कळेल की ही विचारपूर्वक केलेली आहे.

पाऊलवाट

उशिरा आलो. आमच्या कैच्या पावसात उघड्यावर राहिल्यात, मोडलेलं काही नाही. लाकूड काळपट झालंय. वापराव्या का?

ओळंबा

काळपटपणा बहुधा वरवरचा असतो, तो एकटा घाबरण्यासारखा नाही. काळजी पत्र्यांची. लाकूड भिजून फुगतं आणि वाळून आकसतं, त्यात पत्रे हळूहळू वर येतात. जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा, वरून झाका पण बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. नीट वाळल्यावर प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजू पातं घालून तपासा. ओलाव्याचं मीटर मिळालं तर लाकडात १९ टक्क्यांच्या खाली आलाय ना बघा. आणि टोचून बघा, टोकदार वस्तू सहज आत गेली तर लाकूड कुजायला लागलंय, तेव्हा कारखान्याला कळवा.

पाऊलवाट

ठोकळे नव्हते, सरळ मातीवर होत्या. आत्ताच माणसांना उचलायला सांगतो. पातं घालून बघितलं की फोटो टाकतो इथे.